सीझनच्या तोंडावर नवीन सिस्टीम? माणसं बिथरू न देता बदल कसा आणायचा

पहिल्या मिटिंगला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. मालक नवीन सिस्टीमबद्दल बोलतो, सगळे माना डोलवतात, "हो, करूया की", "बघूया", चहा-खारी होते आणि खरं मत संध्याकाळी नाक्यावरच्या गजालीत बाहेर पडतं. मग काही दिवसांनी मालक विचारतो की अरे टॅब कपाटात का पडलाय, तर उत्तर येतं चार्जिंग नव्हतं. तेव्हा "बघूया" ऐकून होकार मिळाला असं समजू नका, तिथून पुढेच खरं काम आहे आणि ते कसं करायचं ते इथे लिहितोय.

उदाहरण देवगडच्या बाजूच्या आंब्याच्या पॅकिंग शेडचं घेतो कारण माझा जास्त वावर तिथे. बदल काय तर डझनाच्या अंदाजावरून वजनाच्या ग्रेडिंगवर जायचं, लाकडी पेटीऐवजी पुठ्ठ्याचा बॉक्स, आणि मुकादमाच्या वहीऐवजी टॅब. पण काजू फॅक्टरी असो, तारकर्लीचा होमस्टे असो, पतपेढी असो नाहीतर कुडाळात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी पोरं असोत, माणसं तीच असतात.

आधी बघा कोणाचं काय जातंय

सगळे फायद्यापासून सुरुवात करतात. वेळ वाचेल, भाव चांगला मिळेल, नुकसान कमी होईल, आणि समोरचा मनात म्हणत असतो की तुझा फायदा होईल रे, माझं काय. म्हणून फायद्याचं भाषण बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. शेडमधल्या प्रत्येकाचं नाव लिहा, नेपाळी गड्यांचीपण नावं लिहा, नुसतं "गुरखे चार" असं नको. प्रत्येकापुढे तीन गोष्टी, आज सकाळी सातला हा माणूस नक्की काय करतो, बदल झाल्यावर सातला काय करेल, आणि यात त्याचं काय जातंय. जाणाऱ्या गोष्टी बहुतेक चारच असतात, पैसा, वेळ, मान, आणि "हे फक्त मलाच माहितीये" ही जागा. पैसा आणि वेळ लोक बोलून दाखवतात. मान आणि ती जागा कोणी बोलत नाही, तिथेच सगळं अडतं. ज्या मुलखात शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात थांबणार यावरून भावकी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी बोलत नाही तिथे हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण कंपनी काढली की आपण हे विसरतो आणि माणसं एकदम "रिसोर्स" होतात.

मुकादमाचंच घ्या. त्याच्याकडे लाल कापडी पाठीची लांब वही असते. एका शेडमधली वही मी नीट बसून बघितली, बागायतदाराचं नाव, पुढे डझन, आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीने बारीक खुणा. गोल म्हणजे चिकाचे डाग, आडवी रेघ म्हणजे दव असताना काढलेला माल, फुली म्हणजे देठ नीट ठेवलेला नाही. वाशीच्या घाऊक मार्केटवरून फोन आला की अमुक लॉटमधला आंबा काळा पडला, की मुकादम चष्मा कपाळावरून खाली ओढणार, वहीत बोट फिरवणार आणि दहा सेकंदात सांगणार कोणाच्या बागेतला, कोणी काढलेला. सॉफ्टवेअरवाल्याने जे बनवून आणलं होतं त्यात तीन कॉलम, नाव, वजन, ग्रेड. म्हणजे शेडमधली सगळ्यात कामाची माहिती नवीन सिस्टीममधे नव्हतीच, आणि ती ज्याच्याकडे होती त्यालाच सांगितलं जात होतं की आता वहीची गरज नाही. तो कशाला बोलेल? "माका काय, तुमी म्हणतास तसा करूया," एवढंच म्हणाला.

यावर उपाय काय केला तर मुकादमाला सॉफ्टवेअरवाल्याच्या शेजारी बसवलं, मालकाने मधे तोंड घातलं नाही, आणि त्या तिन्ही खुणा टॅबवर बटण म्हणून आल्या. शिवाय ठरलं की एकदा पडलेली ग्रेड बदलायची झाली तर ती फक्त मुकादमाच्या लॉगिनवरून बदलेल, मालकाच्यापण नाही. हे मालकाला थोडं जड गेलं, पण त्यानंतर टॅब कपाटात दिसला नाही. अशी माणसं तुमच्याकडेपण असणार, अकाउंट्समधल्या जुन्या मॅडम, होमस्टेतल्या जेवण करणाऱ्या काकी ज्यांना कुठला पाहुणा दरवर्षी येतो आणि काय खात नाही हे तोंडपाठ असतं. सिस्टीम आणायच्या आधी यांच्याकडचं त्यात घ्या, आणि नवीन सिस्टीममधे यांना आधीपेक्षा मोठी नाही तरी निदान तेवढीच खुर्ची द्या.

पैशाचं एकच सांगतो आणि पुढे जातो. काम उक्त्यावर असेल, म्हणजे क्रेटमागे पैसे, तर नवीन पद्धत शिकताना हात मंदावतो आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. ग्रेडिंगवाल्या बायका अशा वेळी गुपचूप जुन्या पद्धतीवर जातात आणि त्यांचं बरोबरच आहे. शिकायचे दिवस पूर्ण रोजाने द्या. ते परवडत नसेल तर बदलपण परवडत नाही असं समजा.

वेळ कोणती

आंब्यात मार्चच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत काहीही नवीन आणू नका, जे आणायचं ते फेब्रुवारीच्या लवकर निघणाऱ्या मालावर करून बघा, माल कमी असतो, डोकी थंड असतात. मच्छीवाल्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मग जाळी शिवताना गप्पा मारायला माणसं मिळतात, पण खलाशी गावी गेलेले असतात हे लक्षात ठेवा. हॉटेल-होमस्टेला पावसाळा बरा. भात लावणीच्या दिवसात स्थानिक बायका कामावर असतीलच असं धरू नका. आणि गणपती! प्लॅन करणारा मुंबई-पुण्याचा असेल तर तो हमखास गणपतीत एखादी डेडलाईन टाकतो. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यापासून विसर्जनापर्यंत कामाचे दिवस शून्य धरा, अकरा दिवसांचा गणपती असेल तर शून्याच्याही खाली.

पहिलं कोणाशी बोलायचं

मिटिंग सगळ्यात शेवटी. आधी एकेकट्याला गाठा, कामाच्या जागीच, त्याच्या हातात काम असताना. ऑफिसमधे बोलावलं की माणूस आवरून सावरून बोलतो.

इथे बरेच जण काय करतात की सगळ्यात हुशार, मोबाईलवर सगळं येणारा तरुण पोरगा पकडतात आणि त्याला पुढे करतात. एव्हरेट रॉजर्स नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६२ मधे नवीन गोष्टी समाजात कशा पसरतात ते मांडलं होतं, त्याच्या हिशेबात एकदम पहिल्या झटक्यात नवीन गोष्ट घेणारे फक्त अडीच टक्के असतात, त्यांच्यामागून साडेतेरा टक्के असे येतात ज्यांच्याकडे बघून बाकीचे ठरवतात, आणि अगदी शेवटपर्यंत थांबणारे १६ टक्के. २० माणसांच्या शेडमधे अडीच टक्के म्हणजे अर्धा माणूस, त्यामुळे आकडे इथे शब्दशः लावू नका, पण मुद्दा पक्का आहे. तो हुशार पोरगा सगळंच घेतो, त्यामुळे त्याच्याकडे बघून कोणी काही ठरवत नाही, उलट "त्येचा काय, त्येका सगळाच जमता" म्हणून विषय संपतो. तुम्हाला पाहिजे ती दुसऱ्या गटातली, जिच्या शब्दाला बाकीच्या बायका मान देतात ती वयनी. ती कोण हे शोधायचं असेल तर दुपारी डबे उघडतात तेव्हा बघा कोणाभोवती गोल बसतो. ती "जमेल" म्हणाली की आठ जणी आल्या. तिला पटलं नाही तर का नाही ते नीट ऐकून घ्या, कारण ती जे सांगतेय तेच आठ जणींच्या मनात आहे.

मिटिंगमधे काय विचारायचं

"कोणाला काही अडचण आहे का?" हा प्रश्न बंद करा. याचं उत्तर नेहमी शांतता. त्याऐवजी गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मधे लिहिलेली युक्ती वापरा, प्री-मॉर्टेम म्हणतात तिला. सांगायचं असं, "समजा मे संपला, पाऊस सुरू झाला, आणि ही नवीन सिस्टीम पार फसली. आता प्रत्येकाने सांगा का फसली." बस. मालकाच्या तोंडावर तुमची कल्पना चुकीची आहे असं म्हणायला कोणी धजत नाही, पण ती फसून झालीय असं गृहीत धरलं की सगळ्यांची तोंडं उघडतात, आणि गजाली हा तर आपला हातखंडा. मी बघितलेल्या मिटिंगमधे हसाहशी सुरू झाली आणि त्या हसण्यातूनच यादी आली. लाईट गेली. रेंज नव्हती. तौक्तेसारखं वादळ आलं, २०२१ च्या मे महिन्यात आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, दिवसच्या दिवस वीज नव्हती, मग टॅब काय चुलीवर चार्ज करणार? आणि एका काकींनी सांगितलं ते कोणाच्याच डोक्यात नव्हतं, की हाताला चीक असतो, ग्लोव्हज असतात, त्या बोटाने स्क्रीन चालतच नाही, मग हात पुसायला जावं लागतं आणि तेवढ्यात मागे क्रेट साठतात.

लाखभर रुपयांचं काम त्या एका वाक्यावर अडकलं असतं. तिथेच ठरलं की टॅबला हात लावणारी व्यक्ती वेगळी, ती आंब्याला हात लावणार नाही, आणि दर तासाला बदली. वीज गेली तर कागदी तक्ता, त्याच कॉलमांचा, आधीच छापून खिळ्याला अडकवलेला.

एक सूचना, या मिटिंगमधे मालकाने शेवटी बोलायचं. आधी बोलला की संपलं. आणि जी अडचण सांगितली जाईल ती जिने सांगितली तिच्या नावाने फळ्यावर लिहा, नंतर ती सुटली की तिला सांगा की सुटली. एवढं केलं की पुढच्या वेळी तुम्हाला नाक्यावरून बातम्या काढाव्या लागत नाहीत.

कारण खरं सांगा

जॉन कॉटर नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १९९० च्या दशकात बदलाच्या आठ पायऱ्या मांडल्या, मॅनेजमेंटच्या प्रत्येक कोर्समधे त्या असतात, आणि पहिलीच पायरी म्हणजे लोकांना निकड जाणवली पाहिजे. बरोबर आहे, पण आपल्याकडे मालक लोक याचा अर्थ भीती घालणे असा घेतात. "हे केलं नाही तर धंदा बंद होईल" असं दरवर्षी म्हटलं आणि धंदा काही बंद झाला नाही तर चौथ्या वर्षी कोण ऐकणार. निकड असेल ती खरी दाखवा. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतीय आंबा घेणं थांबवलं होतं, आपल्याकडून गेलेल्या मालात फळमाशी सापडली म्हणून, आणि जानेवारी २०१५ मधे बंदी उठवायचं ठरलं ते आपल्याकडच्या तपासणीत आणि प्रक्रियेत सुधारणा झाल्यावर. निर्यातीचा आंबा गरम पाण्यातून काढायचा, फळमाशीच्या अळीसाठी, हे तेव्हापासून शेडमधल्या गड्यालासुद्धा माहीत झालं. त्या वेळी कोणाला भाषण द्यावं लागलं नाही, फळमाशीच्या अळीने पोखरलेला आंबा कापून दाखवला की पुरे होतं. तसं खरं कारण तुमच्याकडे असेल तर दाखवा, वाशीवरून परत आलेल्या तक्रारी वाचून दाखवा, भावातला फरक दाखवा. आणि खरं कारण एवढंच असेल की मुंबैवाल्या पार्टनरला घरबसल्या आकडे बघायचेत, तर तेच सांगा. लोकांना ते कळतंच, तुम्ही लपवलंत एवढंच फक्त लक्षात राहतं.

जुनं आणि नवीन एकत्र

थोडे दिवस दोन्ही चालवायला लागतं, वहीपण आणि टॅबपण, नाहीतर लोकांचा विश्वास बसत नाही आणि तुमचाही बसू नये. पण याला शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करा. तारीख नसेल तर दोन्ही कामं सीझनभर चालतात, डबल मेहनत होते, आणि सगळे म्हणतात बघा, नवीन सिस्टीमने काम वाढलं. एका टेबलापासून सुरू करा, सगळ्या शेडमधे एकदम नको. ज्या टेबलावर सुरू कराल तिथे आधी सांगितलेल्या वयनी असल्या तर उत्तम. दुसऱ्या टेबलावरच्या बायका दोन दिवसांनी आपणहून डोकावायला लागतात, तेव्हा समजायचं की जुळतंय.

पहिल्या आठवड्यात भांडणं होणारच

आंब्याची टीम दर सीझनला नव्याने जमते, स्थानिक बायका, नेपाळी गडी, ड्रायव्हर, एखादा सुट्टीला आलेला कॉलेजचा पोरगा. ब्रूस टकमन याने १९६५ मधे टीम कशी घडते त्याचे चार टप्पे सांगितले होते, लोक जमतात, मग खटके उडतात, मग रीत बसते, आणि मग काम धावतं. दुसरा टप्पा टाळता येत नाही. पण मालकाला पहिल्या भांडणातच वाटतं की माणूस चुकीचा घेतला, लगेच काढा. थांबा जरा. भांडण कशावरून आहे ते बघा, नव्वद टक्के वेळा (हा माझा अंदाज हो) ते "हे काम कोणाचं" यावरून असतं, क्रेट उचलून टेबलाशी आणायचं गड्याचं की ग्रेडिंगवालीचं, एवढंसं. ते एकदा सगळ्यांदेखत ठरवून टाकलं की मिटतं. नेपाळी गड्यांना मराठी बऱ्यापैकी कळतं पण मिटिंगमधे ते बोलत नाहीत, त्यांच्यातल्या सीनियरशी वेगळं बोला, हिंदीत, निवांत.

आणि गर्दीच्या वेळी, समजा अक्षय तृतीयेच्या आधी ऑर्डरींचा ढीग पडलाय आणि काम मागे पडलंय, तेव्हा दहा माणसं आणखी आणून ओतू नका. फ्रेड ब्रूक्सने १९७५ मधे सॉफ्टवेअरबद्दल म्हटलं होतं की मागे पडलेल्या प्रोजेक्टमधे माणसं वाढवली की तो आणखी मागे पडतो. शेडमधे अगदी तसंच, येणाऱ्या नवीन माणसाला शिकवायला तुमचा सगळ्यात चांगला माणूस अडकतो. पेट्या भरायला, पट्ट्या मारायला, ट्रकमधे चढवायला माणसं वाढवा, ते शिकायला लागत नाही. ग्रेडिंगला नको.

शेवटचा शब्द कोणाचा

शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नसल्याने जेवढी कामं बिघडलेली बघितली तेवढी कशाने नाही. शेडमधे मुकादम एक सांगतो, मालक रात्री साडेदहाला व्हॉट्सअपवर व्हॉइस नोट टाकतो, मुंबैवरून मालकाचा पुतण्या "बेस्ट प्रॅक्टिस" म्हणून तिसरंच फॉरवर्ड करतो, आणि सकाळी बायका विचारतात मग करायचं काय. कोकण रेल्वे आठवा, १९९० मधे कॉर्पोरेशन झालं आणि १९९८ च्या जानेवारीत रोहा ते मंगळूर अख्खा मार्ग सुरू झाला, ई. श्रीधरन प्रमुख होते. साधारण साडेसातशे किलोमीटरचं काम सात भागात वाटून प्रत्येक भागावर एक चीफ इंजिनिअर नेमला होता. डोंगर, खाड्या, पाऊस, प्रत्येक भागाची भानगड वेगळी, तिथल्या माणसाने तिथेच बघायची.

तुमच्याकडे एवढं मोठं काही नाही, पण नियम तोच लावा. शेडमधल्या कामाचा शब्द मुकादमाचा, पैशाचा मालकाचा, सॉफ्टवेअरचा एका कोणाचातरी, आणि हे लिहून भिंतीवर लावा. व्हॉट्सअप ग्रुपवर फक्त ठरलेल्या गोष्टी टाकायच्या, चर्चा नाही. रात्री नऊनंतर ऑर्डर नाही. कौतुक ग्रुपवर, ओरडा समोरासमोर, एकट्याला. पुतण्याला सल्ला द्यायचा असेल तर त्याने आधी एक दिवस शेडमधे क्रेट उचलावे, मग ऐकू.

एवढं करूनही एखादा नाहीच म्हणाला तर? आधी बघा तो बरोबर तर नाही ना. वजनाच्या ग्रेडिंगला एक जुना माणूस सारखा विरोध करत होता, म्हणायचा वजनाने आंबा कळत नाही, आणि त्याचं म्हणणं होतं की वजन बरोबर भरतं पण कोवळा आंबा तयार आंब्यात मिसळतो, तो नंतर अढीत, म्हणजे गवतात पिकायला घातल्यावर, पिकतच नाही नीट. शंभर टक्के खरं. मग वजनाच्या आधी तयार-कोवळा बघायचं एक टेबल वाढलं आणि तिथे तोच बसला. पण सगळं ऐकून, सगळं बदलूनही कोणी मुद्दाम आडकाठी करत असेल, तर त्याला एकदा स्पष्ट, शांतपणे, चहा पाजून सांगा की हे आता होणारच आहे आणि तू यात असावास असं वाटतंय. मग ठरवू दे त्याला. सगळ्यांची मनं राखत बसलात तर जे मनापासून शिकले त्यांचं मन मोडतं.

सिस्टीम रुजली का हे बघायचं असेल तर मालक शेडमधे नसलेल्या दिवशीची नोंद तपासा. आणि मोजा दोनच गोष्टी, ट्रक किती वाजता सुटतो आणि वाशीवरून तक्रारीचे फोन किती येतात. डॅशबोर्ड नंतर.

मे संपत आला की पांगापांग होते, टकमनने १९७७ मधे हा पाचवा टप्पा जोडला होता, टीम मोडण्याचा, आणि आपण तो साफ विसरतो. नेपाळी गडी गावी जायच्या आत, हिशेब देतानाच, प्रत्येकाला विचारा की पुढच्या वर्षी यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, आणि तिथल्या तिथे लिहून घ्या, कारण पुढच्या सीझनला त्यातले अर्धे वेगळेच असणार. मुकादमाची वही फेकू नका. आणि ते टॅब पुसून, चिकाचे डाग काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवा, नाहीतर आपल्या पावसात श्रावण येईस्तोवर त्यांना बुरशी आलीच म्हणून समजा.